नळीतला निळा रंग

गुरुवार, संध्याकाळ. लातूर.

आजही तपासणीच्या नळीतलं पाणी गडद निळं झालं. म्हणजे फॉस्फेट पुन्हा वाढलंय. परवाच माशांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतलं पाणी बदललं, औषध घातलं, तरी तेच. प्रवाळाची टोकं तपकिरी पडून राहिलीत. औषध एकदम जास्त घातलं तर प्रवाळं मरतील, नाही घातलं तरी मरतील. जीव नुसता टांगणीला लागलाय. चुकतंय कुठं?

नळी धुऊन आलो तर आई टाकीपाशी उभी. बोटांना ओली कणीक, हातात गोळी.

माहेरी ती दर सोमवारी महादेवाच्या तळ्यातल्या माशांना कणकेच्या गोळ्या घालायची. म्हणून इथंही मी सोमवारची एक बारीक गोळी चालवून घेतली होती. कणकेनं फॉस्फेट वाढतं, पण एका गोळीनं एवढा निळा रंग येत नाही.

"आई, सोमवारी गोळी तर घातली होती की तू."

"कवा? म्या न्हाई घातली बाबा. उपाशी हायती बिचारी."

"आज वार कोणता?"

"सोमवार हाय की! उपास न्हाई का माझा?"

आज गुरुवार. गोळी तिच्या हातातून घेतली आणि खिशात घातली. तिचा रोजच सोमवार असेल तर? महिनाभर तो निळा रंग मला हेच सांगून राहिला होता का?

डॉक्टरकडं न्यायला हवं. पण तेही वार विचारतील. आणि ती इतक्याच ठामपणे सोमवार सांगेल.