बंगईची उशाकडची बाजू

१० एप्रिल १९८७
नाना सकाळच्या एसटीनं धुळ्याला गेले. तिथलं भाड्याचं घर रिकामं करून द्यायचंय, आठेक दिवस लागतील म्हणाले. सासऱ्यांना गाडीत बसवून आलो आणि खरं लिहायचं तर हलकं वाटलं. माणूस वाईट नाही. पण लेकीच्या, म्हणजे मंदाच्या, घरी राहतात म्हणून पाणीसुद्धा विचारून पितात. त्यामुळे माझ्याच घरात मला अवघडल्यासारखं होतं.

ऑफिसचे साहेब १९ तारखेला चहाला येतो म्हणालेत. आणि हॉलमध्ये ही बंगई, कड्यांना टांगलेला लाकडी झोपाळा. नाना धुळ्याहून आले ते ही घेऊनच. फळी अस्सल सागवानी, पण एका टोकाला ताटाएवढा काळा तेलकट डाग. अक्का (सासूबाई) दुपारी तिथं डोकं टेकून पडायच्या. वीस वर्षांचं खोबरेल मुरलंय. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. नाना त्या टोकाला बसत नाहीत, दुसऱ्या कुणाला बसू देत नाहीत. साहेबांना काय सांगू, हे आमच्या सासूबाईंचं डोकं?

१२ एप्रिल, रवि.
मागच्या गल्लीतले रशीदभाई पॉलिशवाले येऊन फळी बघून गेले. शेजारच्या पाटलांची दारं त्यांनीच केलीत, आरशासारखी. डागावर अंगठा घासला, वास घेतला. म्हणाले, तेल आतपर्यंत गेलंय, वरून पॉलिश धरणार नाही, रंध्यानं काढावं लागेल. मग विचारलं, फळी कोणाची? सांगितलं. तर म्हणे नाना आले की त्यांना विचारा, मग मी करतो.

मला राग आला. माझ्या घरात काय करायचं ते पॉलिशवाल्यानं सांगायचं? शिवाय तोवर साहेब येऊन जातील. सामान काय लागतं ते तेवढं विचारून घेतलं. त्यांनी बिचाऱ्यांनी सगळं सांगितलं.

१४ एप्रिल
सुट्टी. सकाळीच फळी कड्यांतून काढून अंगणात दोन स्टुलांवर टाकली. मंदा म्हणाली, नानांना येऊ द्या ना. मी म्हणालो, आल्यावर बघून खूश होतील. हे वाक्य मी स्वतःलाही दोनतीनदा म्हणून दाखवलं.

आधी गरम पाणी नि धुण्याचा सोडा, नारळाच्या काथ्यानं घासलं. फळी नुसती करडी पडली, डाग तसाच. मग ऑफिसच्या सुताराचा रंधा. तेलाच्या जागी पातं घसरतं, आणि लाकडाच्या रेषा उलट्या लागल्या की टवके निघतात. बाहेर मिरवणुकीचे ढोल, इकडे मी घामाघूम. छिलके काळे निघत होते. हातात घेतले तर खोबरेलाचा वास अजून होता. तेव्हा थांबायला हवं होतं.

थांबलो नाही. दुपारपर्यंत डाग गेला. तिथं सूतभर खळगा झालाय.

१६ एप्रिल
काचकागद, आधी जाडा मग बारीक. टवके निघाले तिथं खडूची पूड नि गेरू कालवून भरलं. तपकिरी रंग दिला. पॉलिशचा लाखदाणा कालपासून स्पिरिटमध्ये भिजत होता, तो गाळून कापसाच्या बोळ्यानं मारायला घेतला. रशीदभाईंचा हात कसा एका लयीत जातो. माझं स्पिरिट बोळ्यातच उडून जातं, इथलं ऊन असं. बोळा चिकटतो, ओढला की पट्टा उमटतो. सहा हात झाले. लांबून बरं दिसतं.

१८ एप्रिल
नाना संध्याकाळी आले. पिशवी ठेवली, बंगईपाशी गेले, उभे राहिले. त्या टोकावरून हात फिरवला. खळग्यात बोटं थांबली.

"हाई कोनं काम शे?"

मी म्हणालो, रशीदभाईंनी केलं. नुसतं पॉलिश करायला सांगितलं होतं, त्यांनी रंधा मारला.

विचार करून बोललो असंही नाही. तोंडातून सरळ निघालं, जणू तयारच होतं. मंदा स्वयंपाकघराच्या दारात होती. ती आत वळली.

नाना म्हणाले, "तिनं डोकं आठे ऱ्हाये." अक्कांचं डोकं इथं असायचं. मग हातपाय धुवायला गेले. जेवले नाहीत. उन्हाचं झालं असेल, असं मीच मंदाला सांगितलं. किती निर्लज्ज असावं माणसानं.

१९ एप्रिल, रवि.
साहेब आले. खुर्चीवर बसले. बंगईवर बसा म्हटलं तर म्हणे मला झोक्यानं गरगरतं. दहा मिनिटांत चहा घेऊन गेले. फळीकडे बघितलंसुद्धा नाही.

२१ एप्रिल
नाना दुपारी रशीदभाईंच्या दारात जाऊन आले. मी ऑफिसात. पाटीलवहिनींनी मंदाला सांगितलं की नाना भर गल्लीत बोलले आणि बोलता बोलता रडले. रशीदभाई मान खाली घालून ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "नाना, माफ करा."

माफ करा! त्यांनी! कशासाठी?

मंदानं हे मला भाकरी वाढता वाढता सांगितलं, माझ्याकडे न बघता.

२४ एप्रिल
पाटलांच्या मुलीचं लग्न आहे, पलंग नि कपाटाचं पॉलिश रशीदभाईंकडे होतं. आता दुसऱ्याला दिलं. पाटील मलाच म्हणाले, "बरं झालं तुमच्यामुळे कळलं, नाहीतर आमच्याही सामानाची वाट लावली असती." मी हं म्हणालो. हं!

२६ एप्रिल, रवि.
रशीदभाईंकडे गेलो. दोनदा गल्लीच्या तोंडाशी जाऊन परत फिरलो, तिसऱ्यांदा आत गेलो. ते एका जुन्या चौरंगाला पॉलिश करत होते. हात थांबवला नाही. मी विचारलं, तुम्ही खरं का नाही सांगितलं?

म्हणाले, "म्हातारा माणूस लेकीच्या घरी राहतो. जावयानंच हे केलं म्हणून सांगितलं असतं, तर संध्याकाळी त्या घरात जेवायला कसा बसला असता?"

मी म्हणालो, मी सांगतो नानांना. म्हणाले, ते तुमचं तुम्ही बघा. निघताना म्हणाले, "साहेब, खळग्यात लाख जास्त बसली असेल. उन्हाळ्यात चिकट होईल. बारीक कागद मारून एक पातळ हात द्या."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

२८ एप्रिल
नानांना सांगायचंच. पण रशीदभाई म्हणाले ते खोटं नाही. सांगितलं आणि नाना निघून गेले तर? धुळ्याचं घर तर सोडलंय. मंदाचं काय होईल? म्हणजे न सांगण्यातच सगळ्यांचं भलं.

वरचं पुन्हा वाचलं. किती सोयीचं आहे. माझ्या भित्रेपणाला रशीदभाईंचा चांगुलपणा पांघरून बसलोय.

३० एप्रिल
मंदाला म्हणालो, रविवारी नानांना खरं सांगतो. ती धान्य निवडत होती. म्हणाली, "ते आले त्या दिवशी चहाचा कप तुम्हीच दिलात ना त्यांच्या हातात? तुमची दहाही नखं तपकिरी होती."

मी विचारलं, म्हणजे त्यांना कळलं होतं? ती म्हणाली, मला नाही माहीत, मी विचारलं नाही आणि विचारणारही नाही. मग सूप घेऊन आत गेली.

कळलं असेल तर रशीदभाईंच्या दारात जाऊन ओरडले कशाला? की जावयावर ओरडता येत नाही म्हणून? झोप नाही.

३ मे, रवि.
सकाळपासून नाना घरात नव्हते. अकराच्या सुमारास आले. टोपी काढून बंगईवर बसले, नेहमीच्या बाजूला. मंदा विहिरीवर गेलेली. आता बोलायचं असं ठरवून मी समोर जाऊन उभा राहिलो. "नाना" एवढं म्हणालो.

ते म्हणाले, "मी पाटीलले सांगी उनू. रशीदनी काही चूक नही."

मग कुणाची, ते नाही बोलले. मी वाट बघितली. ते समोरच्या भिंतीकडे बघत होते. पाटलांना काय सांगितलं, कुणाचं नाव घेतलं की स्वतःवरच घेतलं, विचारायची हिंमत झाली नाही.

थोड्या वेळानं त्यांनी अक्कांच्या टोकावर हात ठेवला, फडक्यासारखा एकदा फिरवला आणि म्हणाले, "बसा जवाई. आते आठे कोनी बी बसं ते चाले."

बसलो. खळगा मांडीखाली लागत होता. त्यांनी पायानं हलकासा झोका दिला. मी अजून काही सांगितलेलं नाही.