कॅसेटमधली घरघर

अण्णा, तुमचा पिवळ्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर अजून माझ्याकडे आहे. स्वयंपाकघरातल्या खणात, झाऱ्या-उलथन्यांच्या शेजारी. मिक्सरचं काही ढिलं झालं की तोच काढते आणि दर वेळी त्याची मूठ कानाला लावावीशी वाटते. लावत नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता मीच तुमच्या वयाला येऊन पोचले, तरी एक गोष्ट सांगायची राहूनच गेली आहे. तोंडाने मी कधी कमी नव्हते, हे तुम्हीच सगळ्यांना सांगायचात. पण नेमकी हीच गोष्ट तोंडातून निघाली नाही, म्हणून लिहायला बसले.

आपण तेव्हा डोंबिवलीत पश्चिमेला, कोपरच्या बाजूला राहायचो आणि शाळेला सुट्टी असली की तुम्ही मला ठाण्याला दुकानात न्यायचात. मोटर रिवाइंडिंगचं दुकान. मालक दुसरा, पण गिऱ्हाईक यायचं ते तुमच्या हाताला. जळक्या मोटरीतली काळी तार उपसून काढायची, नवी तांब्याची तार गुंडाळायची, सुती दोऱ्याने घट्ट बांधायची, वर वार्निश पाजायचं. त्या वार्निशचा वास तुमच्या शर्टांना कायमचा लागलेला, आई घासून घासून थकली. पंखा चालू करून तुम्ही स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरीवर टेकवायचात, मूठ कानाला लावायचात आणि डोळे मिटायचात. मग माझ्या कानाला लावून विचारायचात, "सांग गो बाय, खोट कशात? बेअरिंग की वायंडिंग?" मी ठोकून द्यायचे काहीतरी. एकदा एक मावशी दुरुस्त झालेला टेबलफॅन न्यायला आल्या. तुम्ही चहाला गेलेलात. पंखा थोडा घुमत होता, तर दुकानात तुमच्यासोबत काम करणाऱ्या जोडीदाराने सांगितलं, "मावशी, पंखा बरोबर आहे, तुमच्या घरचं टेबल हलत असेल." त्या बिचाऱ्या मान हलवून गेल्या. तुम्हाला आल्यावर हे कळलं तसे तुम्ही भर उन्हात रस्त्यावर धावलात, मावशींच्या हातून पंखा परत आणलात आणि जोडीदाराला म्हणालात, "आपल्या पंख्याचा आवाज त्यांच्या टेबलावर ढकलतोस? लाज नाही वाटत?" तुमचा आवाज चढलेला मी आयुष्यात तेवढा एकदाच ऐकला.

आईची कॅसेट त्यानंतरची. ती ओट्यापाशी तांदूळ निवडत गौरीचं गाणं म्हणत होती आणि तुम्ही गुपचूप टेपरेकॉर्डर पाटाखाली ठेवलात. गाणं संपलं, तिला लाल दिवा दिसला आणि ती हळूच म्हणाली, "अहो, बंद करा ते. भात लागेल खाली." तुमच्यावर रागावताना ती नेहमी कुठल्यातरी तिसऱ्याच गोष्टीचं नाव घ्यायची. ती गेल्यावर तुम्ही ती कॅसेट लावायचात ती गाण्यासाठी नाही, हे मला कळत होतं. तुम्ही त्या शेवटच्या वाक्याची वाट बघत बसायचात. ते आलं की थोडंसं हसायचात आणि बटण बंद करायचात. होता होता टेप झिजली, दोनदा गुंतली, एकदा तर तुम्हाला ती सगळी पेन्सिलीने परत गुंडाळावी लागली. मी म्हटलं, अण्णा, आपण घरी कॉम्प्युटर घेऊ. आईचा आवाज त्यात भरून ठेवू, सीडीवर पिक्चर बघू, छातीच्या दुखण्याने हॉस्पिटलात राहून आल्यापासूनचं तुमचं घरात बसणंही जरा सुसह्य होईल.

अठ्ठ्याण्णव साल होतं. ठाण्यातल्या त्या दुकानदाराने दोन प्रोसेसर दाखवले. एक दोनशे मेगाहर्ट्झच्या आसपासचा, तो म्हणाला की हा फार तापत नाही, गरमी ओढून घेणारं ॲल्युमिनियमचं मोठं हीटसिंक बसवलं की वर हळू फिरणारा पंखा पुरे. दुसरा नवा, साडेतीनशेचा, ऑफिसात सगळे ज्याचं कौतुक करत होते तो. तो तापायचा आणि त्याच्या डोक्यावर एक चिमुकला पंखा जिवाच्या आकांताने फिरायचा. तुम्ही दोन्ही चालू करायला लावलेत. खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून एकेका कॅबिनेटला टेकवलात, डोळे मिटलेत आणि म्हणालात, "गाणं ऐकायला आणि पिक्चर बघायलाच ना? मग हा हळूवाला घे. तो दुसरा बोलू द्यायचा नाही कोणाला." दुकानदार हसला. माझ्या कानशिलांना चटका बसला, अण्णा. शिकलेली मुलगी मी, प्रोग्रॅमिंगची नोकरी, आणि माझा बाप भर दुकानात डब्याला कान लावून उभा. मी म्हणाले, "अण्णा, हे पंख्याचं दुकान नाही." तुम्ही स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवलात आणि मी साडेतीनशेवालाच घेतला. परतीच्या वाटेवर तुम्ही फक्त वजन कोणी उचलायचं एवढंच विचारलंत.

कॅसेट मी त्यात उतरवून घेतली आणि दुसऱ्याच दिवशी टेप तुटली, म्हणजे आता आईचा आवाज जगात त्या एका खोक्यातच होता. रविवारी सकाळी तुम्ही अंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून समोर बसलात. गाणं ऐकू आलं. ते संपलं आणि मग नुसती घरघर. आईचं वाक्य त्या घरघरीत कुठे गेलं, काही कळेना. तुम्ही पुढे वाकलात, परत लावायला सांगितलंत, परत, परत. चौथ्यांदा माझ्याकडे बघून विचारलंत, "ही घरघर कसली गो?" मला ठाऊक होतं. पंखा माझ्या गुडघ्यापाशी घोंघावत होता, पोटरीला गरम वारा लागत होता. आणि मी म्हणाले, "कॅसेटमध्येच आहे ती. जुनी झालेली ना." तुम्ही एकदा खाली खोक्याकडे बघितलंत. मग म्हणालात, "असेल. तू शिकलेली आहेस."

पुढचे काही दिवस तुम्ही ती फाइल लावलीच नाहीत. एकदा जेवताना विचारलंत, "तुझा तो प्रोसेसर किती गरम झालेला चालतो?" मी वैतागून म्हटलं, "बंद पडला नाही म्हणजे चालतोय." मग एका संध्याकाळी ऑफिसातून आले तर दारातच आईचं गाणं ऐकू आलं, आणि त्याच्यामागे स्वच्छ, अगदी कानाशी बोलल्यासारखं, "अहो, बंद करा ते. भात लागेल खाली." तुम्ही खुर्चीत बसून हसत होतात. आदल्या आठवड्यात मी आवाज साफ करायचा कुठलासा प्रोग्रॅम त्या फाइलवर चालवलेला, म्हणून मी ऐटीत म्हणाले, "बघा, काढली की नाही घरघर?" तुम्ही म्हणालात, "काढलीस हो बाय. छान काम केलंस." त्यानंतर तुम्हाला चारच महिने मिळाले. त्या चार महिन्यांत तुम्ही ते वाक्य रोज ऐकलंत, एवढंच माझ्या पदरात आहे.

तुमच्या वर्षश्राद्धानंतर मशीन विकायचं म्हणून मी कॅबिनेट उघडलं. पंख्याच्या चारही स्क्रूंखाली सायकलच्या ट्यूबचे कापलेले गोल तुकडे होते. लाल तारेत एक रेझिस्टन्स जोडलेला, पंखा हळू फिरावा म्हणून, आणि जोड सुती दोऱ्याने बांधून वर वार्निश पाजलेलं. भिंतीकडच्या पत्र्याला ओळीने भोकं पाडलेली, गरम हवा जायला, आणि त्यांच्या कडा मला लागू नयेत म्हणून घासलेल्या. मी जमिनीवर बसून तो जोड नाकाला लावला आणि रडले. तुम्ही मी ऑफिसात असताना हे सगळं केलंत, त्या दुखऱ्या छातीने वाकून, आणि वर मलाच शाबासकी दिलीत. त्या जोडीदाराला तुम्ही भर दुकानात झापलंत, मला एका शब्दानेही नाही. मला झापायला हवं होतंत. मी किती वर्षं त्या रागाची वाट बघते आहे.

वाक्य आता माझ्या फोनमध्ये आहे. फोनला पंखा नसतो, अण्णा, तुम्हाला आवडला असता. कानात घालून ऐकलं की आईच्या मागोमाग तुमचं पुसट "हो हो" पण ऐकू येतं, ते तेव्हा आपल्याला कोणालाच ऐकू आलं नव्हतं. हा कागद मी घडी करून स्क्रूड्रायव्हरच्या खाली, खणात ठेवणार आहे, दुसरीकडे कुठे पाठवू? तेवढं सांगून टाकते. घरघर कॅसेटमध्ये नव्हती. पंख्याची होती, आणि मला ते पहिल्याच रविवारी माहीत होतं.