शंकासमाधान, मुक्काम बार्शीटाकळी

बार्शीटाकळी, जि. अकोला
दि. १९ जानेवारी २०२६

श्रीमत् सकलवऱ्हाडभूषण, प्राजक्तविहार-गृहसंस्था-सचिवपदाधीश्वर, जलकुंभकुंचिकाधारक, उद्वाहनदुरुस्तीविलंबविशारद, देखभालवर्गणीवसुलीधुरंधर, राजमान्य राजेश्री शेषरावजी गावंडे, मुक्काम अमरावती, यांचे सेवेशी,

रामः रामौ रामाः शिकवून शिकवून कंठ शुष्क झालेला संस्कृताध्यापक काझी जमीलोद्दीन याचा उभ्याउभ्या सलाम. साष्टांग दंडवत घालण्याची इच्छा होती. परंतु भूमीला मस्तक टेकवणे आमच्यात एकाच ठिकाणी राखीव आहे आणि ते ठिकाण, तुझी क्षमा मागून, सचिवपदापेक्षा वरचे आहे.

इकडे सर्व क्षेम. बाजारात तुरीच्या शेंगा उतरल्या आहेत. माझी बेगम रईसा तुझ्या सौभाग्यवतींची, पार्वतावहिनींची, आठवण काढते आणि नव्या घराच्या पडद्यांचा रंग ठरवते.

काल आपला दूरध्वनी मध्येच तुटला. यंत्रणेचा दोष नव्हता, मी तोडला. कारण यथाक्रम येईल. तुमच्या इमारतीतली सदनिका घेण्याचे मी ठरवले. गृहस्वामी धर्मपालजी म्हणाले, "मले काय सर, मी माणूस पाहून देऊन राहिलो." आणि आता रविवारच्या सभेत रहिवासी ठरवणार की काझी नावाचा मनुष्य सोसावा की न सोसावा. त्यांना तसा अधिकार आहे का, हा प्रश्न आपण दोघांनीही मोठ्या सभ्यतेने टाळला. असो. तू फोनवर त्यांच्या शंका ऐकवल्यास, त्यांचे समाधान करतो.

माणिकबाईंची पृच्छा : घरात भोंगा लावणार काय? त्यांना सांग की घरातली नमाज इतक्या मंद स्वरात होते की शेजारी बसलेल्या रईसालाही मी कुठवर पोचलो ते कळत नाही. लागते काय, तर चटईएवढी स्वच्छ जागा आणि पश्चिम दिशा. दुर्दैवाने तुमच्याकडे पश्चिमेला पाण्याची टाकी आहे. मी दिवसातून पाच वेळा टाकीची पूजा करतो अशी वार्ता पसरल्यास तिचे खंडन सचिवांनी करावे.

शालिकरामजींची पृच्छा : पाच वेळा हातपाय धुतल्याने तीच टाकी रिकामी होणार काय? वजू म्हणजे हात, तोंड, नाक, चेहरा, कोपरापर्यंत बाहू, डोक्यावरून ओला हात आणि पाय. एका तांब्यात भागते. वाहत्या नदीकाठी बसलात तरी पाणी वाया घालवू नका, अशी आम्हाला शिकवण आहे. शालिकरामजी रोज सकाळी नळी लावून मोटार न्हाऊ घालतात असे तूच म्हणाला होतास. त्यांना ही शिकवण हवी असल्यास विनामूल्य देतो.

रोज्यात थुंकी गिळली तरी उपवास मोडतो काय? मोडत नाही. विसरून एखाद्याने पोटभर जेवण केले तरी मोडत नाही. आठवताच हात थांबवला म्हणजे झाले. आजारी आणि प्रवासी यांना सूट आहे. होय, पाणीसुद्धा नाही. हा प्रश्न मला आयुष्यभर विचारला गेला आहे आणि प्रत्येक वेळी विचारणाराच मूर्च्छित होण्याच्या बेतात असतो. रोज्याला खरी हानी पोचते ती असत्याने आणि परनिंदेने. म्हणून त्या महिन्यात तुमच्या जिन्यावर मी फारसा रेंगाळणार नाही.

बकरा वाहनतळात कापणार काय? नाही. महानगरपालिका जागा नेमून देते, तेथे. परंतु कुर्बानी मी करतो, हे स्पष्ट सांग. एक भाग घरचा, एक आप्तेष्टांचा, एक गरिबांचा. आप्तेष्टांच्या भागासाठी दरवर्षी डबा घासूनपुसून कोण येत असे, हे सभेत सांगण्याची आवश्यकता नाही. तू माळकरी असल्याची इमारतीत वदंता आहे म्हणे. मी ती मोडणार नाही.

येथवर मी हसतच होतो. मग तू म्हणालास, "जमील, तू सभेले येऊच नको. मी सांगतो, हे तसे नाहीत म्हणून. पाटीवर नुसतं 'जमील सर' लिहू. टोपी-बिपी कायले?"

शेषा, तसे म्हणजे कसे? मी नमाज पढतो, रोजे ठेवतो, जकातीचे दान देतो, बकरा कापतो आणि कालिदास शिकवतो. मी तसाच आहे. माझ्या वतीने जो कोणी "ते तसे नाहीत" म्हणेल, तो माझ्या वडिलांना, माझ्या गल्लीला आणि ज्या बाईच्या हातच्या भाकरीवर तू मॅट्रिक झालास तिला त्या खोलीबाहेर बसवील. संस्कृतची झूल पांघरून मला आत यायचे नाही.

आणि मग बोलता बोलता, आवाज खाली नेऊन, तू विचारलेस, "अन् मले एक सांग बे, मातीले बाहेरच्या माणसाचा हात चालते काय?"

फोन मी तेव्हा तोडला. हा प्रश्न माणिकबाईंचा नव्हे.

अम्मीला दफन केले त्या दिवशी मी तुला पाहिले होते. कब्रस्तानाच्या फाटकाबाहेर, चपला हातात घेऊन, ऊन अंगावर घेत तू उभा होतास. आत नमाज झाली. ती उभ्यानेच असते, कारण पुढे देह असतो आणि देहापुढे आम्ही वाकत नाही. मग एकेकाने तीन मुठी माती दिली. फावडे लावण्याआधी मौलाना म्हणाले, "किसका इंतजार है, मास्टर?" मी म्हणालो, "किसी का नहीं." पुढे तू घरी येऊन चहा घेतलास. बोललो आपण कपाशीच्या भावाविषयी.

त्या दिवसापासून मी समजत होतो की आमच्या मातीने तुझा हात बाटेल असे तुला वाटले. काल कळले की तुझ्या हाताने आमची माती बाटेल असे तुला वाटले. दोन्ही समजुती तुल्यबल मूर्ख आहेत आणि दुसरी पहिलीहून प्रेमळ असली तरी मी तिला माफ करणार नाही. तुझ्या शंकेचे समाधान असे : चालतो. त्या दिवशीही चालत होता. फाटकाला कडीसुद्धा नाही. तुला "शेष्या, जेवल्याबिगर जाशीन त पाय" असे दटावणारी बाई आत होती. तिला विचारून तरी पाहायचे होतेस.

म्हणून आता ऐक. रविवारी तुमच्या फाटकाशी मी चपला हातात घेऊन उभा राहणार नाही. टोपी घालून येईन, संपूर्ण नावाने येईन आणि ज्याला जे विचारायचे ते तो मला तोंडावर विचारील. नकार मिळाला तर तोही बसून घेईन. तू माझ्या शेजारच्या खुर्चीवर बस, नाहीतर समोरच्या. त्याचा अधिकार तुझा. मात्र दारात उभा राहू नकोस. ते मी एकदा पाहिले आहे.

तुझा, आणि अगदी तसाच,
काझी जमीलोद्दीन

ता. क. सदनिकेच्या वाट्याला आलेल्या वाहनतळात कुणाचा तरी गंजलेला कूलर खालच्या लोखंडी घोड्यासकट आडवा पडला आहे. धर्मपालजी म्हणतात, आपला नाही. पहारेकरी म्हणतो, सचिवसाहेबांले विचारा. तो उचलला जाईपर्यंत मी स्कूटर नेमकी कुठे लावायची?