छावणीचं घर

३ नोव्हेंबर
आजपासून मी या गावची आरोग्य सेविका! शिरपूरहून बस कापसाच्या शेतांमधून आली, पलीकडे निळा सातपुडा. सरपंच गिरधर नाना स्वतः स्टँडवर घ्यायला आले होते. राहायला गावाबाहेरचं दोन खोल्यांचं घर दिलंय, भाडंही घेत नाहीत. पलीकडच्या बेबाबाई अक्कांनी कळण्याची भाकरी आणि ठेचा आणून दिला. इतकी बडदास्त माझी सासरीही कुणी ठेवली नव्हती.

६ नोव्हेंबर
या घराला छावणीचं घर म्हणतात. अक्का सांगत होत्या, मोगल, पेंढारी, मग गोरे, जी फौज खानदेशात आली ती इथंच उतरली. एकदा गाव नाही म्हणालं, तर गाव जाळलं, माणसं विहिरीत लोटली. मी हसून विचारलं, आता कुठली फौज येते? अक्का उठून गेल्या.

११ नोव्हेंबर
भरदुपारी कापूस वेचणाऱ्या बायका पळत गावात शिरल्या. दारं लागली. रस्त्यावर धुरळा, आणि मग माझ्या अंगणात घोडे. माणसं. कुणी चिलखतात, कुणी लाल कोटात, काही अशा गणवेशात की तो अजून कुठल्याच फौजेचा नसावा. चेहरे मात्र सगळ्यांचे सारखे. पीठ संपेस्तोवर मला भाकरी थापायला लावल्या. हात मंदावला, तर तो तव्यावर दाबून धरला.

१२ नोव्हेंबर
डाव्या हातानं लिहितेय. पोलिसांना फोन केला. अंगणात घोडे आले होते म्हटल्यावर तिकडून हसण्याचा आवाज आला. नाना ओट्यावरून उठलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "सिस्टर, एक घर दिधं की बठ्ठं गाव वाचस. त्या घरमा आमनं माणूस आम्ही कसं ठेवसूत?" स्टँड गाठला, तर गावातल्या चौघांनी अदबीनं परत आणून सोडलं.

१५ नोव्हेंबर
पुन्हा आले. आता पाठ — टेकवत नाही. नाना दारातूनच म्हणाले, "दुसरं कोनी बलावा. मंग तुम्ही मोकळ्या."

१७ नोव्हेंबर
धुळ्याला फोन केला. धाकटी बहीण, मयुरी. म्हटलं, घर छान आहे, चार दिवस ये. लगेच हो म्हणाली.
मग मी जेवले. पोटभर.

१९ नोव्हेंबर
मयुरी आली. हाताची पट्टी बघून रडली. तेल उडालं, म्हटलं. दूध घेऊन येते सांगून निघाले. आता बसमध्ये आहे. लिहीत राहायचं, मागे बघायचं नाही. धुरळा उठलाय. ताई, ताई — तिचाच आवाज —

बस का सुटत नाही —

नाना चढलेत. शेजारी बसले. हात जोडून म्हणतात, "सिस्टर, आवंदा त्यासनं एक माणूसवर भागत नही. दोन मांगतस."

ड्रायव्हर खाली उतरला. बाहेर घोडे. दाराशी कुणीतरी