बदकं दिसतात म्हणे

९ फेब्रुवारी
कोरीव जाळी झाली! रमजानच्या आधी मशिदीच्या दारावर बसायची. चेंगालच्या लाकडानं हातांची सालटी काढली, पण वेली अशा वळल्यात की माझी मीच बघत बसले.

बाबांना दाखवली. जन्मभर कोरीवकाम केलेला माणूस. मोतीबिंदू झाल्यापासून बोटांनी बघतात. बोटं फिरली, एका जागी थांबली, परत मागे गेली. मग हात पुसून म्हणाले, "भात निवतोय."

क्वालालंपूरला प्रदर्शनं झाली, पेपरात फोटो आला — पण या माणसाच्या तोंडून एकदा 'छान' निघेल तर शपथ!

१० फेब्रुवारी
मीच माती खाल्ली.

मशिदीची कमिटी जाळीवर खूश होती. अध्यक्ष हाजी देरामाननी सहज विचारलं, "या नक्षीला काय म्हणतात?" मी सांगून बसले, "सांजेला घरी परतणारी बदकं." जुनं नाव आहे, पिढ्यान्‌पिढ्यांचं, नक्षीत नुसती वळणं. पण हाजींनी लगेच चष्मा चढवला. "ही चोच ना?" खजिनदार म्हणाले, "आणि ही शेपटी."

मशिदीत प्राण्याचं चित्र चालत नाही. एवढं मलाही कळतं!

तोक इमाम बिचारे हळूच म्हणाले, "मला दिसत नव्हती. आता दिसायला लागली. नमाजातसुद्धा दिसणार."

शुक्रवारी निकाल. नाकारली तर किनाऱ्यावरचं हॉटेल घ्यायला तयार आहे — स्वागतकक्षात, कुंडीच्या मागे. गावात तोंड कसं दाखवू?

११ फेब्रुवारी
हाजींना जाऊन सांगितलं, नाव बदललंय. आता 'लाटा'.
"बरोबर," हाजी म्हणाले. "म्हणून तर पोहतायत."

१२ फेब्रुवारी
मागच्या पायरीवर बसून राहिले. बाबांची बदकं शेतातून परतली, एकामागे एक. लंगडं नेहमीसारखं तिसरं, नेहमीसारखं माझ्या चपलेला अडखळलं. जाळीची सगळी रेखाटनं इथेच बसून केली — वेलींची! त्या कुंपणावरच्या वेलींची! कोणाला सांगू?

१३ फेब्रुवारी
बाबा न बोलावता मीटिंगला आले. इस्त्रीचा सारोंग, डोक्यावर टोपी. जुन्या मशिदीचं मिंबर, म्हणजे इमामांचं प्रवचनाचं व्यासपीठ, त्यांच्या हातचं, त्यामुळे सगळे उठून उभे राहिले.

"पोक वान, तुम्हीच सांगा," हाजी बाबांना म्हणाले.

बाबा जाळीला नाक लावून उभे. हात मात्र पाठीमागे घट्ट बांधलेले. मग म्हणाले, "माझ्या डोळ्यांना तरी बदक दिसत नाही."

मोतीबिंदूचं अख्ख्या गावाला ठाऊक आहे. "पोक वानना दिसत नाही म्हणजे नाहीच," तोक इमाम घाईनं म्हणाले. हाजींनी चष्मा काढून खिशात ठेवला, जाळीकडे पाहिलं. "आता मलाही नाही दिसत."

मंजूर! वाटेत बाबांना म्हटलं, आता तरी सांगा कशी झालीय. म्हणाले, "कोपऱ्यावर भजी मिळतात, घे."

१४ फेब्रुवारी
जाळी चढवायच्या आधी बाबांनी पुन्हा बोटं फिरवली. त्याच जागी थांबले. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पोरी, तिसरं लंगडतंय. छान उतरलंय."

जाळी वर चढल्यावर पाहिलं. लंगडतंय.