सावकाश चढणारा आकडा

३ मार्च
नोकरीचा पहिला दिवस झकास गेला! व्हायब्रेशन टेस्टिंगची खोली म्हणजे जाड भिंती, जड दार, काचेची एक खिडकी आणि मधोमध हलणारं टेबल. गाड्यांचे सुटे भाग त्यावर घट्ट बसवून थरथरवायचे. इथले सर्वात जुने तंत्रज्ञ म्हणजे सगळ्यांचे मामा. त्यांनी समजावलं : सेकंदाला किती हेलकावे, ती फ्रीक्वेन्सी. ती किती भराभर वाढवायची, तो स्वीप रेट. प्रत्येक वस्तूचा आपला एक आकडा असतो. भरकन ओलांडला तर निभावतं; सावकाश गेलं तर वस्तू थरथरून मोडते. मी म्हटलं, सासरसारखंच की! उभ्या उभ्या जाऊन आलं तर ठीक, मुक्काम केला की संपलं. मामा पोट धरून हसले.

६ मार्च
आज पडद्यावर फ्रीक्वेन्सीचा आकडा सदतीसवर आला. टेबलावरचा भाग गप्प, माझ्या बरगड्या मात्र झणझणल्या. मामांना गंमत म्हणून सांगितलं. ते हसले नाहीत. उद्यापासून खोलीत पाऊल टाकू नकोस, म्हणाले. माझ्या आधीच्या मुलीलाही असंच झालं होतं म्हणे. तिचं पुढे काय झालं विचारलं, तर चष्मा पुसत बसले.

९ मार्च
खोलीत गेले नाही, तरी अंगातली थरथर थांबायचं नाव घेत नाही. घरी जेवताना वाटी ताटात आपोआप सरकली. ताई म्हणाली, ट्रक गेला असेल. रस्ता रिकामा होता.

१० मार्च
ओट्याला नुसती टेकले. वरची फळी खिळ्यांसकट निखळली, कुकर ताईच्या पायावर. हाड मोडलंय. तिला उचलायला हात लावला तर ती किंचाळली — माझ्या हातानं कळ वाढते म्हणाली.

११ मार्च
टेस्टिंगची खोली जमिनीपासून वेगळी बांधलीय, इथली थरथर बाहेर जात नाही. म्हणून इथेच राहणार. बाहेरून कडी घाला, असं मीच मामांना सांगितलं. त्यांचे डोळे भरले. आधीच्या मुलीनंही हेच सांगितलं होतं, म्हणाले —

१२ मार्च
टेबल बंद. वायर काढलेली. तरी पडद्यावर आकडा माझ्या सदतीसकडे चढतोय. सावकाश. फार सावकाश —
मी दार उघडा म्हणून ओरडतेय. कडी वाकलीय. मामा हातोडा घालतायत — हलत नाही —

१२, दुपारी
ताई आलीय, कुबडीवर. काचेला तळवा टेकवून म्हणतेय, घाबरू नकोस, मी इथेच आहे.
सदतीस मागे पडलं. मला काहीच होत नाहीये. म्हणजे आता हा आकडा माझा नाही —
ताईचे ओठ थरथरतायत. तळवा काचेवरून सुटत नाहीये —
मामा, तिला ओढा — ताई, हात काढ, ता