चाळीस खुर्च्या आणि एक दोर

३ मार्च, मंगळवार

आत्यानं ही वही दिली त्याला दोन महिने होऊन गेले. रोज लिहीन म्हणालो होतो. आजवर पहिल्या पानावर पेन चालतो का तेवढं पाहिलंय — नऊ गोल आणि एक बदक. बदक बरं जमलंय.

खरं सांगायचं तर लिहायला बसलं की आपण इथे राहतोय असं कबूल केल्यासारखं होतं. आणि मी कुठे तीन महिन्यांच्या वर टिकलेलो नाही. कॉलेज दीड वर्ष, तेही अधूनमधून. ट्रकवर क्लीनर म्हणून एक हिवाळा. रोपवाटिकेत पाच आठवडे. आत्या म्हणते, 'तुझ्या पायाला भिंगरी नाही रे, भिंगरीलाच तुझे पाय लागलेत.'

तर, काम. मी आधुनिक कलेच्या म्युझियममध्ये चार नंबरच्या दालनाचा राखणदार आहे. दालनात एका शिल्पकार बाईंच्या चाळीस जुन्या खुर्च्या — लाकडी, लोखंडी, वेताच्या, एक तर न्हाव्याच्या दुकानातली. भोवती चार पितळी खांब आणि दोर. दोराच्या आत कुणी जाऊ नये हे बघायचं. कुणी येतच नाही, त्यामुळे काम चोख चाललंय.

मोठ्या बाई, म्हणजे संचालक, रोज विचारतात, 'किती आले?' रविवारी मी सांगितलं, 'सहा. त्यातले चार समोरच्या बसडेपोचे ड्रायव्हर, थंड पाण्याला. खालूनच परत गेले.' बाई म्हणाल्या, 'त्यांना वर कसं आणायचं, याच्यापुढे मला काही सुचत नाही बघ.' मनापासून बोलत होत्या. डोळ्यांखाली काळं दिसतं ना.

५ मार्च, गुरुवार

बल्ब आणायला तळघरातल्या गोदामात गेलो आणि अडीच तासांनी वर आलो. बल्ब विसरलो.

कपाटात बल्बच्या खोक्याशेजारी आमच्या दालनाची फाइल होती. आता उघडी फाइल दिसली तर माणूस काय करणार? शिल्पकार बाईंची पत्रं, सगळी टंकलेली, सहीच्या जागीही टंकलेलं नाव. त्या आता नाहीत. खुर्च्या इथे पोचायच्या आधी महिनाभर गेल्या, दालन त्यांनी पाहिलंच नाही. टेम्पोच्या पावत्यांना चिकटून एक कागद निघाला, हातानं लिहिलेला. जांभळी शाई, अक्षर वाऱ्यानं झुकल्यासारखं तिरकं.

'खुर्च्या बसण्यासाठी आहेत. ज्याला हवी त्याने हवी तिथे न्यावी. संध्याकाळी पुन्हा जागेवर लावू नयेत, जिथे असतील तिथे राहू द्याव्यात. मोडली तर दुरुस्त करावी, नवी आणू नये.'

खाली सही नाही. तीनदा वाचलं.

मग दोर कुणी लावला?

६ मार्च, शुक्रवार

दोर काकांनी लावला!

काका म्हणजे मुख्य दाराचे पहारेकरी. ही इमारत सुताची वखार होती तेव्हापासून इथे आहेत. त्यांना विचारलं तर अगदी सहज म्हणाले, 'दोर ना? मी लावला.'

'कुणाच्या सांगण्यावरून?'

'फरशीच्या. पॉलिश ओलं होतं. दोन दिवस कुणी पाय देऊ नये म्हणून बांधला. दुसऱ्या दिवशी मोठ्या बाई परगावाहून आल्या त्या थेट वर. दोर बघून जागच्या हलेनात. डोळ्यांत पाणी. म्हणाल्या, किती नेमकं सुचलंय शिल्पकार बाईंना, बसायच्या वस्तू आणि बसता येत नाही. आता रडणाऱ्या माणसाला पॉलिशचं कसं सांगायचं?'

'मग नंतर सांगायचं.'

'नंतर त्यांनी पुस्तक लिहिलं.'

ते पुस्तक खाली तिकीटखिडकीत विकायला आहे. 'रिकाम्या आसनांचं मौन'. मी मागे दोन पानं वाचली होती, मला वाटलं मला कळत नाहीये.

७ मार्च, शनिवार

मोठ्या बाई मंगळवारपर्यंत गावाला. हे आधी लिहिलेलं बरं.

दुपारी डेपोतले एक ड्रायव्हर पहिल्यांदाच वर आले. भरघोस मिशा, पाठीवर हात. 'भाऊ, सकाळपासून गाडीवर आहे, कंबरेचा पार भुगा झालाय. इथं बसायची सोय आहे का कुठं?'

त्यांच्यासमोर चाळीस खुर्च्या. मध्ये दोर.

मी खांबावरची कडी काढली. म्हटलं, 'आहे.'

बाजारात भाजी निवडावी तशा त्यांनी खुर्च्या निवडल्या. दाबून पाहिलं, हलवून पाहिलं. शेवटी एक लोखंडी उचलून खिडकीपाशी नेली आणि बसले. मिशा कुरवाळत बाहेर बघत राहिले. मग म्हणाले, 'रोज डेपोतून ही खिडकी बघतो. आज खिडकीतून डेपो बघितला. केवढासा आहे हो.'

दोर गुंडाळून माझ्या कपाटात ठेवलाय.

८ मार्च, रविवार

मिशीवाल्यांनी सात जण आणले. सातातले पाच झोपले. मी त्यांना मोजणीत धरलं.

१० मार्च, मंगळवार

मोठ्या बाई आल्या तेव्हा आत चौदा माणसं होती. इस्पितळातली एक नर्स बूट काढून, पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवून बसलेली. एक पोरगी वेताची खुर्ची फरफटत जिन्याकडे नेत होती, आवाज तर असा की दात आंबावेत. बाई दारातच थांबल्या.

'दोर कुठंय?'

'माझ्या कपाटात.'

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी कागद पुढे केला. उभ्यानंच वाचला त्यांनी, चष्मा वर करून, मग खाली करून.

'सही नाही. तारीख नाही. बाईंचं अक्षर आपल्यापैकी कुणी पाहिलेलं नाही. हा कागद कुणाचाही असेल. टेम्पोवाल्याचासुद्धा.'

'टेम्पोवाला "राहू द्याव्यात" असं लिहील का बाई?'

बोलायला नको होतं. जीभ माझ्या आधी पोचते.

मग त्यांनी एकदाचं सांगून टाकलं. सत्तावीसला म्युझियमची समिती बसणार आहे. कागद शिल्पकार बाईंचाच आहे असं तोवर सिद्ध झालं तर खुर्च्या मोकळ्या. नाहीतर दोर परत, आणि न विचारता तो काढणारा घरी.

'आणि तोवर?'

बाईंनी पुन्हा आत पाहिलं. नर्स घोरायला लागली होती. 'तोवर नीट मोज,' म्हणाल्या आणि गेल्या.

१४ मार्च, शनिवार

आज एकशे बारा. मोजणीचं बटण दाबून दाबून अंगठा दुखतोय.

खुर्च्या कुठे कुठे गेल्यात! तीन जिन्यात, एक चक्क तिकीटखिडकीत — तिकीटताई म्हणते, माझ्या स्टुलापेक्षा कला मऊ आहे. दोन म्हातारे समोरासमोर बसून बुद्धिबळ खेळतात आणि तिसरा न्हाव्याच्या खुर्चीवरून दोघांनाही चुकीचं सांगतो. एक नवरा-बायको भांडत आले, पाठीला पाठ लावून बसले. मी तासाभरानं पाहिलं तर एकाच वर्तमानपत्राची दोन पानं वाचत होते. मधेच ती म्हणाली, 'ऐक ना, हे भारी आहे.'

आणि गंमत म्हणजे बसलेली माणसं मग उठून बाकीची दालनंही बघतात. मिशीवाले तीन नंबरच्या भल्यामोठ्या निळ्या चित्रापुढे खुर्ची टाकून बसले होते. मी विचारलं, कळतं का काही. म्हणाले, 'उभ्यानं कळत नव्हतं. बसल्यावर निदान घाई तरी गेली.'

हे मोठ्या बाईंना सांगितलं. त्यांनी ते एका बिलाच्या पाठीमागे लिहून घेतलं.

१८ मार्च, बुधवार

मोडली. एका खुर्चीवर चार शाळकरी मुली, वर पाचवी चढायला गेली — कडाड.

लपवलं नाही. जाऊन सांगितलं. बाई 'हं' म्हणाल्या, एवढंच.

आमचा सुतार, जो एरवी चित्रांच्या चौकटी करतो, तो खाली कुठे न नेता तिथेच कामाला बसला. खुर्ची उलटी केली आणि म्हणाला, 'हिचा हा पाय आधी दोनदा दुरुस्त झालाय. वेगवेगळ्या हातानं. जन्मभर बसलंय कुणीतरी हिच्यावर.' बघता बघता तीसेक माणसं गोळा झाली. त्याला लाकूड आवळून धरायचा शिकंजा सापडेना. मान वर न करता तो शेजारी उभ्या बाईला म्हणाला, 'ताई, एवढा पाय गच्च धरा, डिंक सुकेपर्यंत.'

शेजारी मोठ्या बाई होत्या.

वीस मिनिटं धरला त्यांनी, फरशीवर मांडी घालून. त्या पाचव्या मुलीनं विचारलं, 'काकू, तुम्ही इथं कामाला आहात?' बाई म्हणाल्या, 'आजपासून.'

२० मार्च, शुक्रवार

काका सकाळी दाढी करताना दोन ठिकाणी कापून आले. टोपी काढून बाईंच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. मी आणि तिकीटताई बाहेर. कान दाराला, हे सांगायला नको.

'बाई, तो दोर माझा.'

'तुमचा म्हणजे?'

मग काकांनी पॉलिशचं सगळं सांगितलं. तिकीटताईनं माझा दंड आवळला. मग एक चमत्कारिक आवाज. आम्हाला वाटलं रडतायत. हसत होत्या!

'चाळीस पानं, काका. ओल्या पॉलिशवर मी चाळीस पानं लिहिली.'

'छान लिहिलंय म्हणतात हो, बाई.'

दार उघडलं तेव्हा त्या डोळे पुसत होत्या आणि आम्ही भिंतीवरचं वेळापत्रक वाचत होतो. बाई मला म्हणाल्या, 'दोर बाईंचा नव्हता हे कळलं. पण म्हणून कागद त्यांचा ठरत नाही. समिती माझंच पुस्तक माझ्यापुढे धरेल. माझी चूक झाली असं मी म्हणेन. पण मग बरोबर काय, ते मला दाखवता आलं पाहिजे.' जरा थांबून — 'मला ते दाखवायचंय रे.'

म्हणजे आता आम्ही दोघं एका बाजूला!

२२ मार्च, रविवार

सुट्टी काढून शिल्पकार बाईंच्या जुन्या पत्त्यावर गेलो. वाटेत एक माणूस कबुतरं विकत होता, त्याच्याशी पाऊण तास गेला. एक कबुतर उलट्या कोलांट्या मारतं हवेत. असो.

घरात आता दुसरेच भाडेकरू. त्यांच्याकडे बाईंच्या हातचा कागद नाही, चिठ्ठी नाही, काही नाही. शेजारी म्हणाले, 'त्या होय? घरोघर जाऊन काहीतरी मागायच्या. काय मागायच्या ते आता आठवत नाही. भली बाई होती.' एवढंच. परत येताना मिशीवाल्यांचीच बस मिळाली. त्यांना सगळं सांगितलं. ते गाडी चालवता चालवता ते सगळं मागच्या सीटपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा सांगत होते.

२४ मार्च, मंगळवार

दोनशे सहा. अक्षराचा पत्ता नाही.

२६ मार्च, गुरुवार

आत्या आली. न सांगता, पडदे शिवायचं काम अर्ध्यात टाकून. 'असल्या जागा शिकलेल्यांच्या' असं म्हणणारी माझी आत्या! सगळ्या खुर्च्यांच्या गाद्या उलटसुलट करून पाहिल्या आणि जाहीर केलं, 'हिची शिवण कुणी घातली? हात तोडायला पाहिजे.' मग त्याच खुर्चीवर दोन तास बसली. शेजारच्या नर्सशी तिची अशी गट्टी जमली की निघताना मला ओळख द्यायची विसरली.

जिन्यात मात्र थांबून म्हणाली, 'उद्या घालवलं तुला, तर पुन्हा ट्रक?'

मी म्हटलं, 'माहीत नाही.'

'एरवी तुला घालवलं तर तू शीळ घालत येतोस. आज तोंड बघ.'

खरं आहे. घरी आल्यावर सवयीनं पिशवी भरली होती. नंतर सगळं बाहेर काढून परत खुंटीवर लावलं. मला जायचं नाहीये. हे असं लिहिलेलं पाहून जरा भीतीच वाटते. पण उद्या समितीपुढे दाखवायला आमच्याकडे तो एक बिनसहीचा कागद आहे, बस्स.

२७ मार्च, शुक्रवार

जिन्यात उभ्यानं लिहितोय. समितीचे पाच जण वर दालनात, पाचही जण उभे. एकाच्या हातात बाईंचं पुस्तक. बाई म्हणाल्या, 'हे माझं चुकलेलं आहे.' तो म्हणाला, 'मग बरोबर कशावरून?' बाईंनी तो बिनसहीचा कागद पुढे केला.

तेवढ्यात तिकीटताई धापा टाकत आली. खाली एक आजी आल्यात, नातीचा हात धरून. बसमध्ये ड्रायव्हर सांगत होता म्हणे, दोर काढलाय म्हणून. म्हणतात, आत एक वेताची खुर्ची आहे ती आमच्या घरची, आमच्या ह्यांची बसायची. बाई मागायला आल्या होत्या, दिली. मागे दोनदा बघायला आले, दोर होता, तशीच परत फिरले.

त्यांच्या हातात चौकोनी घडीची चिठ्ठी आहे. मी खाली पळत जाऊन पाहून आलो. 'तुमची खुर्ची नेत आहे. वाटेल तेव्हा येऊन बसा.' जांभळी शाई. तेच तिरकं अक्षर. आणि खाली शिल्पकार बाईंची सही!

मोठ्या बाई स्वतः त्यांना आणायला खाली गेल्यात. एक एक पायरी चढतायत तिघी.